जहाजावरची दुपार: जेवण झालंय, चार वाजायचेत, चहूकडे पाणी. करायचं काय?

झुळूक
मंडळी, सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं क्रूझवर निघतोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. केबिन ठरली, बंदरांवर काय बघायचं त्याची यादीही झाली. मग मार्ग नीट बघितला तर मधे सलग काही दिवस जहाज कुठेच थांबत नाही. सकाळची चिंता नाही, नाश्ता आणि फिरण्यात निघून जाईल. संध्याकाळी कार्यक्रम असतात. प्रश्न आहे दुपारी एक ते चारचा. नवऱ्याला एका जागी बसवत नाही, मुलाला दर दहा मिनिटांनी नवीन काहीतरी लागतं आणि सासूबाईंना ऊन, गोंगाट दोन्ही सोसत नाही. मला काहीही न करता बसायचंय, पण या तिघांची सोय लागल्याशिवाय ते जमणार नाही. 'स्विमिंग पूलवर जा' सोडून काहीही सुचवा.

बिनकामाचा_भिडू
झोपा. धागा बंद करायला हरकत नाही.

झुळूक
भिडू, नवरा झोपणाऱ्यातला असता तर धागा काढलाच नसता :)

उशीखालचं_पुस्तक
पूल वगळलात ते उत्तम केलंत. बंदर नसलेल्या दिवशी दुपारी सगळं जहाज तिथेच लोटलेलं असतं. पाण्यात उभं राहायला जागा नाही, बँड कानाशी वाजतोय आणि आरामखुर्च्यांवर माणसांपेक्षा टॉवेल जास्त. पण याचीच दुसरी बाजू अशी की त्या वेळी बाकीचं जहाज रिकामं असतं. लायब्ररी, पत्त्यांची खोली, पुढच्या बाजूचं काचेचं लाउंज, सायंकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसते तो बार, सगळीकडे शांतता. पहिल्याच दिवशी नकाशा घेऊन सगळे मजले पायी पालथे घाला. जिने वापरा, लिफ्टमधून काही दिसत नाही. आपली जागा त्यातच सापडते.

लायब्ररीबद्दल फार आशा ठेवू नका. बऱ्याच नव्या जहाजांवर ती एका कपाटापुरती उरलीय. अपवाद आहेत. 2004 पासून चालू असलेल्या क्वीन मेरी 2 वर खरोखरची मोठी लायब्ररी आहे, शिवाय तारांगण आहे. पण ते जहाज मुळात अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेलं, त्यामुळे दिवसेंदिवस जमीन दिसत नाही हे तिथे गृहीतच आहे. तुमच्या जहाजावर काय असेल ते बघून घ्या आणि पुस्तकं घरून न्या.

आडवा_प्रश्न
खुर्च्यांवर टॉवेल टाकून जाणाऱ्यांबद्दल वेगळा धागा काढायला हवा. पहाटे येतात, पुस्तक आणि एक चप्पल ठेवतात, दुपारी जेवूनच उगवतात.

बिनकामाचा_भिडू
नियम असतो ना? काही कंपन्यांत खुर्ची 30-40 मिनिटं रिकामी दिसली की कर्मचारी सामान उचलतात.

आडवा_प्रश्न
नियम असतो. उचलणारा असतोच असं नाही. त्याला वाद नको असतो, आणि बिचाऱ्याचं बरोबरच आहे.

दोन_पोरांची_आई
नऊ वर्षांच्या मुलासाठी: मुलांच्या क्लबात पहिल्याच संध्याकाळी नाव नोंदवा. गट बहुतेक ठिकाणी 3 ते 5, 6 ते 8, 9 ते 11 असे असतात, म्हणजे तुमचा मुलगा गटातला धाकटा ठरेल. काहींना ते आवडतं, काही बुजतात. बुजला तर लगेच नाव काढून घेऊ नका. पहिल्या दिवशी सगळीच मुलं नवी असतात, तिसऱ्या दिवशी गेलं की टोळ्या झालेल्या असतात. आणि क्लब जेवणाच्या वेळी बंद राहतो का ते आधीच विचारा. नाहीतर तुम्ही बरोब्बर एक वाजता त्याला घेऊन जाल आणि दाराला कुलूप असेल.

फोन विमान मोडवर ठेवा, त्याचाही आणि तुमचाही. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि त्याचे दर साध्या रोमिंगमध्ये धरलेले नसतात. विमान मोड चालू ठेवून वायफाय लावायचं. सिनेमे, गेम, पुस्तकं सगळं घरूनच उतरवून घ्या.

दुसरा_मेट
ब्रिजवरची, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतली, दुपारी 12 ते 4 ची पाळी परंपरेने सेकंड ऑफिसरची. माझी बरीच नोकरी त्या पाळीत गेली, मालवाहू जहाजांवर. तेव्हा या वेळेबद्दल थोडं लांबण लावतो.

झुळूकताई, नवरा आणि मुलगा या दोघांना एक वही द्या. बहुतेक क्रूझवर दुपारी बाराच्या सुमारास कॅप्टन घोषणा करतो: जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कुठून, खाली पाणी किती खोल. लोक जेवणाच्या रांगेत असतात, कोणी ऐकत नाही. तुम्ही ऐका आणि उतरवा. केबिनच्या टीव्हीवर एका वाहिनीवर हीच माहिती दिवसभर चालू असते. मग पैज लावा: उद्या बारापर्यंत जहाज किती सागरी मैल कापेल? जुन्या प्रवासी जहाजांवर लोक यावर खरे पैसे लावायचे. हिशोब सोपा आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, तेव्हा वेग 20 नॉट असेल तर 24 तासांत 480 सागरी मैल. पण गंमत पुढे आहे. पूर्वेकडे जाताना घड्याळ तासभर पुढे केलं, तर बारा ते बारा हा दिवस 23 तासांचाच होतो आणि तुमचे 480 चे 460 होतात. पश्चिमेकडे जाताना 25 तास. हे ज्याच्या लक्षात येईल तो पैज जिंकतो. मुलगा जिंकला तर उत्तम.

दुसरं, समुद्राकडे बघून वारा ओळखणं. ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्टने 1805 मध्ये ही मोजपट्टी मांडली, तेव्हा ती जहाजाच्या शिडांवरून होती, पाण्याची वर्णनं नंतर जोडली गेली. आरशासारखं पाणी म्हणजे 0. तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की 3, म्हणजे 7 ते 10 नॉट. तुरे बऱ्यापैकी सगळीकडे झाले की 4, म्हणजे 11 ते 16. लाटा लांबट होऊन तुरेच तुरे आणि थोडे तुषार उडायला लागले की 5. आधी अंदाज लिहायचा, मग टीव्हीवर बघायचं. दोन-तीन दुपारींत हात बसतो.

एक मात्र: डेकवर अंगाला लागतो तो खरा वारा नव्हे. जहाज 20 नॉटने चाललंय आणि समोरून 15 चा वारा आहे, तर डेकवर 35 नॉट लागतो, म्हणजे ताशी 65 किलोमीटर. टोपी गेलीच. तोच वारा 20 चा असून मागून येत असेल तर डेकवर पान हलत नाही आणि जीव उकडतो. सासूबाईंना बसवायची जागा यावरून ठरवा. मजला बघून ठरवू नका.

आणि नवऱ्याला मागच्या टोकाला नेऊन उभं करा. जहाजामागे लाटांची जी पाचर उघडत जाते तिचा कोन खोल पाण्यात साधारण 39 अंश असतो. लॉर्ड केल्विनने 1887 मध्ये त्याचं गणित मांडलं. तळ्यात पोहणाऱ्या बदकामागेही तोच कोन. तुमचा नवरा इंजिनिअर असला तर पुढचा तासभर तुम्ही मोकळ्या.

झुळूक
मेटकाका, नवरा इंजिनिअरच आहे. तो तुमचा प्रतिसाद माझ्या खांद्यावरून वाचतोय आणि 'हे प्रत्येक वेगाला कसं लागू होईल' असं म्हणतोय.

दुसरा_मेट
हाहा. फार वेगाने पळणाऱ्या छोट्या बोटींना लागू होत नाही, पाचर अरुंद दिसते. त्याला सांगा, क्रूझच्या आकाराला आणि वेगाला चालतं.

आडवा_प्रश्न
एवढा खर्च करून समुद्रावर जायचं आणि तिथे वहीत आकडे लिहायचे? सुट्टी आहे की तिमाही परीक्षा?

उशीखालचं_पुस्तक
ज्याला एका जागी बसवत नाही त्याला आकडे दिलेले बरे. नाहीतर तो कलेच्या लिलावात जाऊन बसतो. हो, दुपारी लिलाव असतो, फुकट पेय हातात देतात आणि दोन पेयांनंतर चित्रं बरी दिसायला लागतात. पेय घ्या आणि हात खाली ठेवा.

बिनकामाचा_भिडू
'उद्याच्या बंदराची ओळख' असं व्याख्यान असतं तेही तपासून जा. काही खरंच इतिहास-भूगोल सांगतात. काही नुसतं कुठल्या दुकानात जा ते सांगतात. पहिल्या पाच मिनिटांत कळतं, म्हणून कडेच्या खुर्चीवर बसा. स्पा, बिंगो, कॅसिनो यावर मला लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एवढंच की स्पावाले सवलती बहुधा बंदराच्या दिवशी देतात, कारण तेव्हा जहाज ओस असतं. समुद्रातल्या दुपारी पूर्ण दर.

क्विझ मात्र सोडू नका. दुपारी हमखास असते, संघात बहुतेक सहाजण चालतात. एकटे दिसणारे कोणी असतील तर त्यांना बोलवा. आमच्या टेबलावर एक आजी आल्या, तासभर एक शब्द बोलल्या नाहीत आणि शेवटच्या फेरीत नद्यांवरचे सगळे प्रश्न एकट्यांनी सोडवले. बक्षीस म्हणून जहाजाचं नाव छापलेलं पेन मिळालं. त्यांनी ते पर्समध्ये असं ठेवलं की जणू त्यासाठीच आल्या होत्या.

लोकरीचा_गुंडा
सासूबाईंसाठी लिहिते. त्यांना विणकाम किंवा क्रोशा येत असेल तर सामान नक्की घ्या. अनेक जहाजांवर दुपारी विणणाऱ्यांची बैठक जमते, कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात असते. भाषा आली नाही तरी काही अडत नाही. बायका एकमेकींच्या हातातलं काम बघतात, टाका दाखवतात आणि दोन दिवसांत ओळखी होतात. साधा, लक्षात राहील असा नमुना न्या. जहाज हलत असताना टाके मोजत बसायचं म्हणजे डोकं गरगरतं.

विणकाम नसेल तर जिगसॉचं टेबल शोधा. पत्त्यांच्या खोलीत किंवा लायब्ररीत अर्धवट जुळवलेलं हजार तुकड्यांचं कोडं पडलेलं असतं. येणारा-जाणारा दोन तुकडे लावून जातो. आम्ही आकाश लावत होतो, नुसतं निळं, आणि शेजारी एक गृहस्थ रोज दुपारी येऊन फक्त कडेचे तुकडे वेगळे करून जायचे. शेवटी एक तुकडा कमी निघाला. तो बहुतेक निघतोच.

गोळी_आणि_पथ्य
वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणून दोन गोष्टी.

पहिली, बोट लागणं. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर हलणं सगळ्यात कमी जाणवतं, पुढच्या टोकाला जास्त. मोठं थिएटर बऱ्याच जहाजांवर पुढेच असतं, त्यामुळे दुपारच्या सिनेमाला बसून मळमळलं तर उठून मधे, खाली या आणि क्षितिजाकडे बघा. वाचन बंद. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी कोणी देऊ केली तर सासूबाईंना परस्पर लावू नका. उतारवयात तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत ती चालत नाही. निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळ्यांनी झोप येते हेही लक्षात असू द्या.

दुसरी, ऊन. डेकवर वाऱ्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. फेसाळ पाण्यावरून सुमारे 25 टक्के अतिनील किरण उलटून अंगावर येतात, म्हणजे छत्रीखाली बसलं की सुटलो असं नाही. आणि जहाजाचं घड्याळ सोयीने पुढेमागे केलेलं असतं, सूर्य त्याप्रमाणे चालत नाही. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड आहे तोवर ऊन कडक समजा.

झुळूक
सावलीची खूण फार आवडली. मुलाला तेच काम देते. डॉक्टर, धन्यवाद, सासूबाईंना काचबिंदूचे थेंब चालू आहेत, तेव्हा विचारून घेतेच.

पाणपक्षी
धागा उशिरा दिसला. मेटकाकांच्या वहीत आणखी एक रकाना वाढवा.

'समुद्रात बघण्यासारखं काय असतं, नुसतं पाणी' असं म्हणणारे लोक चौदाव्या मजल्यावरून खाली बघत असतात. तिथून खरंच नुसतं पाणी दिसतं. खाली या. प्रॉमेनाड डेक, म्हणजे बोटीभोवती चालायला जो मजला असतो तिथे, कठड्याला टेकून पुढच्या बाजूला उभे राहा, आणि जहाज पाणी कापतं त्या जागेकडे नजर ठेवा. उष्ण समुद्र असेल तर पाच-दहा मिनिटांत उडणारे मासे दिसतील. आधी वाटतं मोठे किडे उडाले. जहाजाला घाबरून बाजूला पाण्यातून निघतात, पंख ताठ पसरतात आणि लाटेच्या अगदी वरून सरकत जातात. वेग पडला की शेपटीचं खालचं टोक पाण्यात घालून भराभर हलवतात आणि परत उचलले जातात. पाण्यावर त्या शेपटीची नागमोडी रेघ उमटते ती बघा. 2008 मध्ये जपानजवळ चित्रित झालेला एक मासा 45 सेकंद हवेत होता.

मासे उडायला लागले की बूबी पक्षी येतात. त्यांना ठाऊक असतं की जहाज मासे उठवतं. जहाजाच्या पुढच्या टोकाशी, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, वाऱ्यावर पंख न हलवता तरंगतात, मान वाकवून खाली बघत. मासा उठला की पंख आवळून सरळ खाली. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही.

देवमासे हवे असतील तर मासा शोधू नका, फवारा शोधा. हंपबॅकचा फवारा बुटका, झुडपासारखा. फिन व्हेलचा उंच, सरळ खांब. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, एकदा बघितला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. पांढरे तुरे भरपूर असतील त्या दुपारी हे सोडून द्या, प्रत्येक तुरा फवारा वाटतो.

दुर्बीण 7 किंवा 8 पटीची घ्या. 10 च्या वरची हलत्या डेकवर निरुपयोगी, हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते.

बिनकामाचा_भिडू
पाणपक्षी, वाचनखूण ठेवली. आणि काहीच दिसलं नाही तर?

पाणपक्षी
तर काहीच दिसत नाही. तासन् तास. हे आधी सांगायला हवं होतं. मुलाला 'आज डॉल्फिन दिसतील' असं कबूल करू नका.

दुसरा_मेट
तेव्हा दुसरी जहाजं बघा. डोळा पाण्यापासून 30 मीटर उंचावर असेल तर क्षितिज सुमारे 20 किलोमीटरवर असतं. त्यापलीकडच्या जहाजाचं आधी फक्त डोकं दिसतं, अंग नंतर वर येतं. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचलेल्या मुलाला हे दाखवायला याहून चांगली जागा नाही. दुर्बिणीतून बघू द्या आणि ते पूर्ण दिसायला किती मिनिटं लागली ते लिहू द्या.

दोन_पोरांची_आई
बाल्कनी असेल तर एक धोक्याची सूचना. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. वारा आरपार जातो आणि जड दार धाडकन मिटतं, लहान बोटं सापडतात. शिवाय नव्या जहाजांवर बाल्कनीचं दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद होतो, मग खोली तापते आणि सगळे एकमेकांवर चिडतात.

आडवा_प्रश्न
मी खवचटपणा करत होतो, पण एक कामाचं सांगतो. स्वयंपाकघराची फेरी बहुधा बंदर नसलेल्या दिवशीच असते. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे, जागा मोजक्या. चढल्याचढल्या विचारा. हजारो ताटं एकाच वेळी कशी निघतात ते बघण्यासारखं आहे. सगळं स्टील, प्रत्येक शेगडीला कठडा, जहाज हललं तरी भांडं सरकू नये म्हणून. ब्रिज बघायला मिळणं मात्र अवघड झालंय. काही जहाजांवर काचेआडून बघायची सोय आहे.

आणि सेल्फ-सर्व्हिस लाँड्री असली तर दुपारी तिकडे फिरकू नका. मशीन संपलं, कपडे कोणी काढले नाहीत, म्हणून दुसऱ्याने काढून बाहेर ठेवले, यावरून जहाजावर जेवढी भांडणं होतात तेवढी खुर्च्यांवरून होत नाहीत.

झुळूक
सगळ्यांचे आभार, उतरवून घेतलंय. आता एकच. सासूबाईंना समुद्र दिसायला हवा, वारा बेताचा हवा आणि ऊन नको. त्या एका ठिकाणी बसल्या की दोन तास उठत नाहीत. कुठली बाजू?

दुसरा_मेट
प्रॉमेनाड डेक, जहाजाच्या मधोमध. तिथे बहुतेक वर टांगलेल्या जीवरक्षक होड्यांचं छप्पर मिळतं आणि हलणंही कमी. बाजू दिशेवर ठरते. दुपारी सूर्य पश्चिमेकडे उतरतो. दक्षिणेला जात असाल तर तो उजव्या अंगाला, म्हणून डावीकडे बसवा. उत्तरेला जात असाल तर उलट. पश्चिमेला किंवा पूर्वेला चाललं असेल तर नकाशा बघून सांगावं लागेल. मार्ग कसा आहे?

झुळूक
सरळ दक्षिणेला. म्हणजे जाताना डावीकडे.

दुसरा_मेट
आणि येताना उजवीकडे. खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवू नका फक्त, आडवा_प्रश्न त्याच जहाजावर असायचे.